झालेल्या लग्नाचं जेवण

ह्या माणसाने मला आयुष्यात एकदाच फसवलं, आणि तेही माझीच सही घेऊन. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जपून लिहिणार आहे. जे मोजलं तेवढंच सांगेन. जे मोजता आलं नाही, ते अंदाजे आहे असं म्हणून सांगेन.

मोजायची सवय मला कामाने लावली. कळंबोलीच्या लोखंडबाजारात मी वजनकाट्यावर असतो. भरलेला ट्रक येतो, त्याचं वजन घ्यायचं. रिकामा जातो, त्याचं घ्यायचं. दिवसभर हेच केल्यावर घरी आल्यावरही नजर बंद होत नाही. आमची सोसायटी पनवेलच्या तळ्यापासून चालत सहा मिनिटांवर आहे. पाच मजले, वीस फ्लॅट, एक लिफ्ट. जिन्याच्या पायऱ्या पाचव्या मजल्यापर्यंत नव्वद, गच्चीपर्यंत एकशे आठ. मी तिसऱ्या मजल्यावर, आणि ते पाचव्यावर.

सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणायची. फक्त काकू त्यांना 'कंट्रोलर' म्हणायच्या, कारण बसस्थानकावर ते एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारणारा माणूस. निवृत्त झाल्यावर माइक तिथेच राहिला, पण आवाज त्यांच्याबरोबर घरी आला. दूधवाला उशिरा आला की पाचव्या मजल्यावरून ऐकू यायचं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजचं दूध वीस मिनिटं उशिराने धावत आहे." सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून वाद लांबला की ते घड्याळाकडे बघून विचारायचे, "ही चर्चा विनाथांबा आहे, की मधे कुठे चहाला थांबणार आहे?"

ते कुणाच्याही लग्नाला जात नसत. पत्रिका घ्यायचे, वाचायचे, घडी घालून ठेवायचे, आणि त्या दिवशी घरी बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना घेऊन आहेर द्यायला जायचे. मांडव सोडवणारी माणसं शिडीवर असायची आणि हे दोघं खाली उभे राहून नव्या नवरीच्या हातात स्टीलचा डबा द्यायचे. मी एकदा विचारलं, "काका, आदल्या दिवशी काय बिघडतं?"

"अजून न झालेल्या लग्नाला मी जात नाही," ते म्हणाले. "वेळापत्रकात लिहिलेल्या आणि न सुटलेल्या गाड्या मी एकतीस वर्षं पाहिल्या आहेत. आधी सुटू दे. मग मी हात हलवतो."

खरं म्हणजे एका प्रकारच्या लग्नाला ते जायचे. त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात प्लास्टिकची एक पिशवी असायची. तिच्यात दोन पेनं, सहा पासपोर्ट फोटो आणि ओळखपत्राच्या चार प्रती. बाजारात भाजीला निघाले तरी ती पिशवी खिशात. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर तीन साक्षीदार लागतात. मित्र मिळतो, मैत्रीण मिळते, तिसऱ्यासाठी गाडं अडतं. नोकरीच्या दिवसांत एक जोडपं सकाळपासून संध्याकाळपर्यंत फलाटावर एका बॅगेवर बसलेलं काकांनी पाहिलं. तिसरा साक्षीदार येतो म्हणाला होता आणि आलाच नव्हता. काकांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर अलिबागच्या विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन सही केली. तेव्हापासून ते पनवेलचे तिसरे साक्षीदार झाले. कोण कुणाला सांगायचं माहीत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी एखादं जोडपं आमच्या लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता उभं असायचं आणि पाचव्याचं बटण दाबलेलं असायचं.

सहीबद्दल ते चहासुद्धा घेत नसत. अट एकच होती. लग्न झाल्यावर महिन्याच्या आत आमच्या गच्चीवर जेवायला यायचं, आपली माणसं घेऊन. जेवण काका-काकू देणार. आणि त्या जेवणाचा नियम असा, की दोन्ही घरचं किमान एक-एक माणूस खुर्चीत बसल्याशिवाय पान वाढायचं नाही. मग कितीही वाजोत.

"माणूस यायला तयार नसला तर?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"जेवायला कोणी रागावलेला माणूस येत नाही," काका म्हणाले. "कामाला येतो. प्रत्येकाचं एक काम असतं, ज्याला तो नाही म्हणू शकत नाही. ते शोधायचं."

काकू उरणजवळच्या करंजाच्या कोळणी. रुंद हाडाच्या, कमी बोलणाऱ्या. बोलल्या की समोरचा गप्प व्हायचा. काकांच्या ह्या उद्योगाचं मूळ त्यांनीच मला एकदा जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं.

"आमचं लगीन तसंच झालं. याचे घरचं कोन नाय, माझे घरचं कोन नाय. लग्नाला दोन मानसं जेवली, यो नि मी. ष्ट्यांडाचे कँटीनमदी. त्यातला बी यो अर्दाच जेवला."

"अर्धा का?"

"पेणची गाडी लागली. पुकाराय गेला."

मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. तेरा वर्षं होतो, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. गच्ची वापरायची तर अर्ज हवा, हा नियम माझा. अर्जाचा नमुनाही माझा. अकरा रकाने. अर्जदार कोण, कारण काय, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, खुर्च्या किती, पानं किती, पाणी किती लिटर, भोंगा लावणार का, लिफ्ट कशासाठी वापरणार, झाडणार कोण, आणि शेवटी सही. ह्या अकरा रकान्यांच्या बाहेर गच्चीवर काही घडू शकत नाही अशी माझी समजूत होती. काका दर वेळी अर्ज आणायचे, अक्षर सुंदर, एकही खाडाखोड नाही. कारणाच्या रकान्यात नेहमी तेच, 'झालेल्या लग्नाचं जेवण'.

जेवणाच्या संध्याकाळी मी वर जाऊन खुर्च्या मोजायचो. अर्जात साठ असतील तर साठच हव्यात. गच्चीची फरशी जुनी होती आणि वजनाचं मला कळतं.

एकदा तर मीही त्यांच्या कटात होतो. मुलीचे वडील रोडपालीला राहायचे. मुलीचं नाव काढायचं नाही असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. काकांनी चौकशी केली. कळलं, की हे गृहस्थ आंब्यातले दर्दी आहेत. नुसत्या वासावरून हापूस कुठला ते सांगतात, आणि कुणी फसवून दुसरा आंबा देवगडचा म्हणून विकला तर त्यांना रात्रभर झोप येत नाही. काकांनी मला पाठवलं. मी स्कूटरवर त्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "आमच्या सोसायटीने देवगडच्या म्हणून पेट्या घेतल्या आहेत. आम्हाला शंका आहे. आपण जरा बघाल का?"

ते चप्पल पायात सरकवतच बाहेर आले. सगळ्या रस्त्याने मागे बसून मला सांगत होते, "हल्ली काहीही विकतात हो. काहीही."

गच्चीवर पेटी ठेवली होती. ते सरळ पेटीपाशी गेले, एक आंबा उचलला, देठापाशी नाक नेलं, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर मुलगी उभी होती, हिरव्या शालूत, शेजारी नवरा. भोवती साठ माणसं.

गृहस्थांनी आंबा तळहातावर फिरवून बघितला. मग म्हणाले, "हा हापूस नाही."

बस्स, तेवढंच. बसेनात. जाईनातही. आंबा ह्या हातातून त्या हातात. मी घड्याळ लावून पाहत होतो. सतरा मिनिटं गेली. मग त्यांनी पुन्हा एकदा आंबा हुंगला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "पायरी आहे. रसाला चालेल." आणि जवळच्या खुर्चीत बसले. काका ओरडले, "गाडी सुटत आहे! वाढा!"

मी तीन दिवस हसत होतो. लिफ्टमध्ये काका भेटले तेव्हा म्हणालो, "सतरा मिनिटं! खुर्चीत बसायला माणसाला एवढा वेळ लागतो?"

"तुला किती लागतील?"

"मला? मी आलो की बसेन."

लिफ्ट पाचव्यावर थांबेपर्यंत काका माझ्याकडे बघत राहिले. मी तिसऱ्यावर उतरायला विसरलो होतो.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं. नंदा माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. वडील आधीच गेले होते. आई गेली तेव्हा नंदा नववीत होती. दवाखान्यात आईने माझा हात धरून एवढंच म्हटलं, "हिचं नीट लावून दे." मी हो म्हणालो. नंदा शिकली, शाळेत गणित शिकवायला लागली, आणि मी कामाला लागलो. मुलं बघायचा मी एक तक्ता केला होता. उंची, शिक्षण, नोकरी कायम की कंत्राटी, घर कितव्या मजल्यावर, आईवडिलांची तब्येत, असे चौदा रकाने. पाच वर्षांत एकतीस मुलं तक्त्यात बसवली. एकही पूर्ण बसला नाही. कुणी उंचीत जायचा, कुणी मजल्यात. नंदा तीसची झाली होती. आईला दिलेला शब्द हातून राहून जातो की काय, ह्या भीतीने मी अधूनमधून पहाटे जागा व्हायचो, हे मी कुणाला बोललो नव्हतो.

आणि हरेशबद्दलही. हरेश हा काकूंचा भाचा. करंजाचा. उरणच्या बंदरात क्रेन चालवायचा. रविवारी सकाळी मावशीकडे टोपल्यातून मासळी घेऊन यायचा. एकदा त्या टोपल्याचं पाणी लिफ्टमध्ये सांडलं. आम्ही शाकाहारी माणसं. दोन दिवस लिफ्टमधून जाताना मी श्वास धरून सेकंद मोजत होतो. तिसऱ्या दिवशी मी नोटीस लावली, 'मासळीचे टोपले लिफ्टमधून नेऊ नये. सेक्रेटरी.'

काकांनी ती नोटीस जिन्यात उभं राहून खणखणीत आवाजात तीनदा पुकारली. काकू दारात आल्या नि म्हणाल्या, "नको तं नको. आमचा हरेश जिन्यानं चडेल. त्याला पाय हायेत."

त्यानंतर हरेश दर रविवारी जिन्यानेच यायचा. मी दाराच्या जाळीतून एक-दोनदा खात्री केली होती. नियम पाळतोय म्हटल्यावर मी लक्ष देणं सोडलं.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी काका अर्ज घेऊन आले. नेहमीसारखं अक्षर. मी एकेक रकाना वाचला. खुर्च्या ऐंशी. पाणी सातशे लिटर. भोंगा नाही. त्यांना भोंग्याची गरज कधीच नव्हती.

"ऐंशी?" मी म्हणालो. "ह्या वेळी जास्त आहेत."

"करंजाची माणसं आहेत. एकटी येत नाहीत."

मी सही केली. वर माझं निळं पिंपही देऊ केलं.

रविवारी नंदा सकाळीच पनवेलजवळ करंजाड्याला मैत्रिणीकडे गेली होती. संध्याकाळी सहा वाजता माझी बायको पैठणी नेसून तयार.

"काकांच्या जेवणाला पैठणी? मे महिन्यात?"

"कपाटात कसर लागते," ती म्हणाली.

मला ते पटलं. सातला पाच कमी असताना वॉचमन धापा टाकत आला. "साहेब, वर खुर्च्या जास्त चढल्यात. टेम्पोची दुसरी खेप झाली."

मी अर्ज घेतला, पेन घेतलं आणि निघालो. लिफ्ट वरती अडकलेली दिसली म्हणून जिन्याने गेलो. पाचव्या मजल्यापर्यंत मला राग आला होता, कारण काकांनी आजवर एकही खुर्ची जास्त आणली नव्हती. गच्चीच्या दारातूनच मी मोजायला लागलो. करंजाच्या बायका भडक लुगड्यांत, केसांत अबोलीचे वळेसर, माझ्याकडे बघत होत्या. मी मागच्या रांगेपासून पुढे मोजत गेलो. दर रांगेत आठ, शेवटच्या दोन रांगांत पाच-पाच. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. समोर दोन मोठ्या खुर्च्या होत्या, लाल मखमलीच्या. एक्क्याण्णव. ब्याण्णव.

एक्क्याण्णवावी रिकामी होती. ब्याण्णवाव्या खुर्चीत नंदा बसली होती. हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. प्रत्यक्षात मी म्हणालो, "ब्याण्णव आहेत. अर्जात ऐंशी आहेत."

"बारा जास्त. कबूल," काका शेजारून म्हणाले. "काय ती कारवाई करा. पण आधी बसा. नवरीकडचं माणूस अजून यायचं आहे आणि मंडळींना भूक लागली आहे."

नवरीकडचं माणूस म्हणजे मी, हे समजायला मला थोडा वेळ लागला. मला वर आणायला आंब्याची पेटीही लागली नव्हती. बारा खुर्च्या पुरल्या होत्या.

"कधी झालं?" मी नंदाला विचारलं.

"मागच्या महिन्यात. अलिबागला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

नंदा उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गात शिकवतानाचा होता. "दादा, तू एकतीस मुलांना चौदा-चौदा प्रश्न विचारलेस. मला एक विचारला असतास तर मी सांगितलं असतं."

मी काकांकडे वळलो. "तुम्ही माझ्याकडून सही घेतलीत. नावं न सांगता."

"नावांचा रकाना कुठे आहे?" काका म्हणाले. "दाखव. मी भरला नसेल तर शिक्षा कर."

मी हातातल्या अर्जाकडे बघितलं. अकरा रकाने. मीच केलेले.

"लग्नाआधी तीस दिवस दोघांची नावं अलिबागच्या बोर्डावर लावलेली होती," काका पुढे म्हणाले. "पण तू नोटीस लावणारा माणूस. वाचणारा नव्हेस."

"साक्षीदार कोण होते?"

"तिसरा मी. पहिली सही..." काका थांबले आणि माझ्या मागे बघितलं. माझ्यामागोमाग वर आलेली माझी बायको पैठणीचा पदर सारखा करत होती.

"आत्याच्या मुलीकडे सत्यनारायणाला गेले होते ना," ती म्हणाली, "तो हाच."

कुणीतरी फिसकन हसलं. माझं डोकं तापलं. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून मी विचारलं, "आणि हा? हा नवरा कुठे आहे? की त्याचाही रकाना नाही?"

काकू कडेला भाताच्या टोपापाशी उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "जिन्यात हाय."

मी गच्चीच्या दाराकडे निघालो. खरं सांगतो, मी घरी जायलाच निघालो होतो. दार लावून बसलो असतो, आणि मला वाटतं नंदाला पुढे कित्येक वर्षं त्या दाराची बेल दाबायचा धीर झाला नसता. माझाही दार उघडायचा झाला नसता. आम्ही दोघं एकाच आईची मुलं.

दारात मी अडलो, कारण समोरून हरेश वर येत होता. अंगात नवा कोट, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, दोन्ही हातांत कालवणाचा मोठा झाकलेला टोप. घामाने कॉलर भिजली होती. त्याने मला बघितलं आणि शेवटच्या पायरीवरच थांबला.

"साहेब, वाईच बाजूला व्हा. टोप गरम हाय."

मी बाजूला झालो. त्याने टोप खाली ठेवला. माझी नजर सवयीने टोपावर गेली. अंदाजे अठ्ठावीस किलो.

"कितवी खेप?" माझ्या तोंडून गेलं.

"सहावी. अजून एक हाय."

"लिफ्ट बंद आहे?"

"चालू हाय की. म्हातारी मानसं वर आनली नि वरतीच थांबवलीय." त्याने कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. "पन तुमची नोटीस हाय ना साहेब."

"साहेब काय रं?" काकू मागून कडाडल्या. "मेवना हाय तुजा!"

"नोटीस टोपल्याची आहे," मी म्हणालो. "टोपल्यातून पाणी गळतं. टोपाला तर झाकण आहे."

"झाकनाचं लिवलं नव्हतं," हरेश म्हणाला.

त्याच्या तळव्यांवर टोपाच्या कड्यांचे लाल वळ उठले होते. स्वतःच्या लग्नाच्या जेवणात हा माणूस नवा कोट घालून अठ्ठावीस किलोचे सहा टोप एकशे आठ पायऱ्या चढवून आणतो, कारण मी कधीतरी एक ओळ लिहून भिंतीला चिकटवली होती. काट्यावर मी रोज टनांत वजनं बघतो. माझं लिहिलेलं इतक्या सरळपणे कुणी पाळलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या कमिटीतसुद्धा नाही.

तेवढ्यात काकांचा आवाज लागला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! लिफ्टने पाचवा मजला बावीस सेकंद. जिन्याने टोपलं घेऊन साडेचार मिनिटं. वाटेत तिसरा मजला लागतो. तिथे रविवारी सकाळी एक शिक्षिका दारात वह्या तपासत बसते. अडीच वर्षं, दर रविवारी. हे लग्न जुळवून आणल्याबद्दल नोटीस लावणाऱ्या गृहस्थांचे आपण सर्वजण आभारी आहोत!"

सगळी गच्ची हसली. माझी बायको सगळ्यांत जास्त. नंदा रडत होती तीही हसली. मला मात्र आईचा हात आठवला. नीट लावून दे, ती म्हणाली होती. चौदा रकाने करून जे जमलं नाही ते एका ओळीच्या नोटिशीने झालं होतं, आणि ती ओळ माझी होती. शब्द पाळला गेला होता. फक्त मला कळवलं गेलं नव्हतं.

हरेश सातव्या खेपेसाठी खाली वळला.

"थांब," मी म्हणालो. "झाकण असलेला टोप लिफ्टने चालतो."

तो थांबला. पण काका आहेत म्हटल्यावर प्रकरण एवढ्यावर कसं मिटणार? "तोंडी?" ते म्हणाले. "सेक्रेटरींचं तोंडी आम्ही धरत नाही. लेखी द्या."

मी अर्ज उलटा केला, भिंतीला लावला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'झाकण असलेली भांडी लिफ्टने नेण्यास हरकत नाही.' खाली सही केली. तो कागद हरेशच्या हातात दिला आणि जवळची जी खुर्ची होती तिच्यात बसलो.

"गाडी सुटत आहे!" काका ओरडले. "वाढा!"

पान समोर आलं. काकूंनी माझ्यासाठी शाकाहारी वेगळं केलं होतं, ते त्यांनी स्वतः वाढलं. नंदा येऊन शेजारी बसली आणि माझ्या पानातली एक भजी उचलून खाल्ली, लहानपणी खायची तशी. दुसऱ्या बाजूला बायको बसली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "चोवीस."

"काय चोवीस?"

"मिनिटं. आंबेवाले सतरातच बसले होते."

पुढच्या सभेत मी ठराव मांडला, की अर्जात बारावा रकाना घालावा, नवरा-नवरीची नावं. अकरा जणांचे हात वर गेले. काका उठले. "हा रकाना आला," ते म्हणाले, "तर पुढचा दादा वर येईल का?" मी थोडा विचार केला आणि ठराव मागे घेतला. माझ्या कारकिर्दीत मी मागे घेतलेला तेवढा एकच ठराव.

नंतर काकांचे गुडघे गेले. काका-काकू करंजाला राहायला गेले. तिथे बोटी सुटताना ते धक्क्यावर बसून पुकारायचे म्हणे. बोटीवाल्यांना आधी राग यायचा, मग सवय झाली. जाताना त्यांनी मला ती प्लास्टिकची पिशवी दिली. "फोटो काढून घे," म्हणाले, "सहा. आणि पेनं दोन ठेव. त्यांच्याकडे पेन नसतं कधी."

काका गेले तेव्हा तेराव्याला आम्ही करंजाला गेलो. हरेश, नंदा, त्यांची मुलगी, मी आणि बायको. अंगणात जिकडे बघावं तिकडे जोडपी. मी मोजली. एकेचाळीस. रोडपालीचे आंबेवालेही होते, नातू मांडीवर घेऊन. काकू पडवीतून बाहेर आल्या, सगळ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "रडताय काय? जेवा आदी. यो बगतोय वरनं, पानं कवा वाडतात म्हनून."

सेक्रेटरीपद मी आता सोडलंय. नवा सेक्रेटरी तरुण आहे, हुशार आहे, सगळं कॉम्प्युटरवर ठेवतो. मागच्या रविवारी संध्याकाळी तो माझ्याकडे अर्जाचा नमुना घेऊन आला. मला काका म्हणतो.

"काका, हे तुम्ही केलेलं? ह्यात नवरा-नवरीचं नावच विचारलेलं नाही. मोठी चूक आहे. मी बारावा रकाना घालतो."

"अकराच पुरे," मी म्हणालो. "ते राहू दे. आज गच्चीला परवानगी तूच दिलीस ना? वॉचमन म्हणत होता, खुर्च्या पंधरा जास्त चढल्यात."

"पंधरा?" त्याचा चेहरा बदलला. "मी मोजून येतो."

अर्ज घेऊन तो तरातरा जिना चढायला लागला. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न मागच्याच महिन्यात झालं. तिसरी सही माझी होती. हे त्याला अजून कळायचं होतं.

मी घड्याळात बघितलं. सात वाजून तीन मिनिटं झाली होती.